परसातले बुडखे: खणायचे, कुजवायचे की राहू द्यायचे?

कुर्टीकर
मंडळी, घराच्या मागेपुढे मिळून चार बुडखे आहेत आणि त्यांच्यावरून घरात चार मते. दोन माडांचे, पुढच्या अंगणात. त्यातला एक वाऱ्याने पडला आणि दुसरा कोंब कुजून मेला म्हणून काढला. तिसरा मागच्या जुन्या फणसाचा. चौथा सुबाभळीचा, कंपाउंडच्या चिऱ्यांच्या भिंतीला अगदी चिकटून. परवानगी वगैरे सगळे रीतसर घेतले होते, तो प्रश्न नाही. तोडणाऱ्याने मात्र सगळी झाडे जमिनीलगत कापली, पैसे मोजून घेतले आणि "मुळां तुमी पळयात" (मुळांचे तुम्ही बघा) म्हणून निघून गेला.

जेसीबीवाला बघून गेला. गेटातून आत येणार नाही, भिंत पाडावी लागेल म्हणतो. फणसापासून विहीर पाच-सहा पावलांवर. सासरे म्हणतात मीठ भरा. शेजारी म्हणतो डिझेल ओतून पेटवा. बायको म्हणते राहू द्या, वर कुंड्या ठेवू. मला पुढच्या अंगणात गाडीसाठी शेड घालायची आहे. कोणी स्वतः काढले असतील तर सांगा, यूट्यूबचे व्हिडिओ बघून झाले आहेत.

चिरेबंदी
मीठ नको. आधी एवढेच लिहितो, बाकी जेवून आल्यावर.

पात्रांव_पेडणे
बायकोचे ऐका. धागा संपला.

सत्तरीची_सून
चिरेबंदी जेवेपर्यंत मी लिहिते.

कुर्टीकर, तुम्ही चार बुडखे एका दावणीला बांधलेत, तिथेच गोंधळ होतोय. माड, फणस आणि सुबाभूळ ही तीन वेगळी प्रकरणे आहेत.

माडाला सोटमूळ नसते. बुंध्याच्या तळाला जो फुगीर भाग असतो त्यातून पेन्सिलीएवढी जाड मुळे हजारोंनी फुटतात आणि चहूकडे पसरतात. एकेक मूळ कोयत्याच्या घावाला तुटते. म्हणजे काम मेहनतीचे, पण अवघड नाही. आमच्या कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) मेलेला माड असाच काढतात. बुडख्याभोवती दोन-अडीच फूट रुंद चर मारायचा. मग पाण्याचा पाइप लावून मुळांवरची माती धुवून काढायची. ही पायरी कोणी सांगत नाही, पण सगळी गंमत तिथेच आहे. आपल्याकडच्या मातीत जांभ्याचे खडे असतात. न धुता घाव घातला की कोयत्याची धार गेलीच, मग दिवसभर कानशीच घासत बसा. धुतल्यावर मुळे तांबूस, स्वच्छ दिसतात आणि सटासट तुटतात. चांगला कोयता वापरू नका, माळ्यावरचा जुना काढा.

फणसाला मात्र सोटमूळ असते, आणि जुन्या फणसाचे ते कुठवर गेले असेल ते देव जाणे. त्याच्या वाटेला माणसे लावून जाऊ नये असे माझे मत.

डिचोलकर
डिझेलबद्दल. आमच्या वाड्यावर एकाने भर मे महिन्यात आंब्याचा बुडखा असाच पेटवला होता. वरून दोन तासांत विझला. सगळे खूश. आग मात्र मुळांतून आतल्या आत धुमसत राहिली. सुके मूळ जमिनीखाली विडीसारखे जळत जाते, ज्वाळा दिसत नाही. काही दिवसांनी नळाचे पाणी बंद झाले म्हणून खणले, तर प्लास्टिकचा पाइप वितळून वेटोळे झालेला. नशीब, बाजूला काजूचा पाचोळा नव्हता.

शिवाय विहीर पाच पावलांवर असताना जमिनीत डिझेल? पाणी कोण पिणार आहे, शेजारी?

मीरा_म्हापसा
राहू देणाऱ्यांच्या पक्षात मी नाही. आमच्या मागच्या बाजूला एक पोकळ बुडखा "असू दे, शोभतो" म्हणून ठेवला होता. वर सदाफुलीची कुंडी. एका पावसाळ्यात सासूबाई कुंडीला हात लावायला गेल्या तर आतून घोणशीचा फूत्कार. प्रेशर कुकरची शिट्टी झाल्यासारखा आवाज करते ती. सर्पमित्राला बोलावून नेली, पण त्यानंतर घरात सगळ्यांच्या हातात बॅटरी आली ती आजतागायत आहे.

पात्रांव_पेडणे
म्हणजे कुंडी ठेवायची, पण सासूबाईंना हात लावू द्यायचा नाही. ठरले.

मीरा_म्हापसा
पात्रांव, तुमच्या सासूबाई हा धागा वाचतात का?

निवृत्त_वनपाल
माडाच्या बुडख्याबद्दल एक गोष्ट अजून कोणी बोलले नाही. तो कुजू द्यायचा नसतो. गेंड्या भुंगा अंडी घालतो ती कुजणाऱ्या माडाच्या खोडात, बुडख्यात आणि शेणखताच्या खड्ड्यात. आत पांढऱ्या, अंगठ्याएवढ्या जाड, वाकड्या अळ्या महिनोन्‌महिने भुसा खात बसतात. त्यातून जो भुंगा निघतो तो तुमच्या आणि शेजाऱ्याच्या जिवंत माडाच्या शेंड्यात शिरतो आणि न उमललेली पाने कुरतडतो. झावळी उघडते तेव्हा कात्रीने त्रिकोण कापल्यासारखी दिसते. आसपासच्या माडांवर अशा झावळ्या दिसल्या तर कारखाना कुठे आहे ते आपल्याच आवारात शोधावे.

तौक्ते वादळाने मे २०२१ मध्ये गोव्यात किती झाडे लोळवली ते सगळ्यांना आठवत असेल. लोकांनी खोडे तोडून बाजूला रचली, बुडखे तसेच सोडले. रस्ता मोकळा झाला की काम संपले असे सगळ्यांना वाटते.

आणि कुर्टीकर, एक विचारायचे राहिले. जो माड मेला त्याच्या बुंध्यातून तांबूस-तपकिरी चीक गळत होता का?

कुर्टीकर
नाही काका. मधला कोंब हाताने ओढला तर सहज हातात आला, आणि वास असा की पुढचे विचारू नका. पावसाळ्यातच झाले.

निवृत्त_वनपाल
मग ती कोंबकूज. शेंड्याचा रोग, बुरशीचा. कुजलेला शेंडा जाळून टाकला असेल तर बुडख्याची त्या बाबतीत काळजी नाही. चीक गळत असता तर मुळांतली बुरशी असण्याची शक्यता होती. तसा माड मुळांसकट काढावाच लागतो आणि भोवती चर मारून शेजारच्या माडांपासून तोडावा लागतो, कारण ती मातीतून एका माडाच्या मुळाकडून दुसऱ्याकडे जाते. म्हणून विचारले.

चिरेबंदी
जेवून आलो, वामकुक्षीही झाली.

मीठ का नको: लाकूड मिठाने लवकर कुजत नाही, उलट टिकते. लोणच्यात आपण मीठ कशाला घालतो? पावसाने ते मीठ धुऊन जाते कुठे, तर मातीत आणि तिथून विहिरीत. त्या जागेवर पुढे अळूसुद्धा नीट यायचे नाही. यूट्यूबवर जे एप्सम सॉल्ट दाखवतात त्यालाही माझा दंडवत.

कुजवायचेच असेल तर बुरशीला मदत करा. लाकडात कार्बन भरपूर आणि नायट्रोजन नगण्य असतो, म्हणून बुरशी हळू चालते. ड्रिलला लांब बिट लावून वरून खोल भोके पाडा, बाजूने तिरकी पाडून त्यांना जोडा, आत युरिया नाहीतर शोरा आणि पाणी भरा, वर ओले गोणपाट, त्यावर शेणखताचा थर. ओल कायम राहिली पाहिजे. मूठभर युरिया पुरे, पोते ओतलेत तर तोही विहिरीतच जाणार. आपल्या पावसात हे काम इतर ठिकाणांपेक्षा लवकर होते. पण लवकर म्हणजे दोन-तीन पावसाळे. पुढच्या महिन्यात शेड घालायची असेल तर विसरा.

निवृत्त_वनपाल
चिरेबंदी, वर मी काय लिहिले ते न वाचताच उत्तर दिलेत. शेणखताचा थर म्हणजे भुंग्याला लग्नाचे आमंत्रण!

चिरेबंदी
वाचले हो. मी फणसाबद्दल बोलतोय. माड खणून काढायचा यात वाद नाही.

निवृत्त_वनपाल
फणस असला तरी खत ते खतच. बाजूला माड असतील तर शेणखत घालू नका, नुसते गोणपाट आणि माती घाला. घालायचेच असेल तर त्यात हिरव्या बुरशीची पावडर, मेटारायझियम, मिसळा. ती त्या अळ्यांना मारते. विभागीय कृषी कार्यालयात नाहीतर जुने गोवे इथल्या आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) किनारी कृषी संशोधन संस्थेत चौकशी करा.

चिरेबंदी
हे मान्य. शेणखत मागे घेतो.

कोकमसरबत
धाग्यावर चक्क कोणीतरी काहीतरी मागे घेतले. वाचनखूण साठवली आहे.

शेवंतीची_वेणी
एक विचारू का? कुजणाऱ्या बुडख्यावर अळमी (पावसाळ्यातली रानअळंबी) येतात का? म्हणजे थोडा धीर धरला तर फुकटात सोय.

सत्तरीची_सून
नाही ग बाई! अळमी येतात रोयणीवर, वाळवीच्या वारुळावर. ती बुरशी वाळवी स्वतः आत वाढवते, नुसत्या कुजक्या लाकडावर ती उगवत नाही. बुडख्यावर जे उगवेल ते दुसरेच काही असेल, आणि ते कढईत गेले तर नंतर दवाखाना. आमच्याकडे वाळपईच्या रस्त्यावर श्रावणात अळमी घेऊन बसणाऱ्या बायकासुद्धा आपली ठरलेली जागा सोडून दुसरीकडची उचलत नाहीत.

डिचोलकर
अळमीचा विषय निघाला की माझे लक्ष धाग्यावरून उडते. खतखते, शागोती काय करायचे ते करा, पण किमतीबद्दल बोलू नका, घास उतरत नाही.

घुमटवाला
मूळ प्रश्नात एक गोष्ट राहिली. फणस कोणी तोडला, त्याआधी नारळ ठेवला होता का? जुन्या झाडावर राखणदार, म्हणजे जागा राखणारा देवचार, असतो. आमच्याकडे अजून गाऱ्हाणे घातल्याशिवाय कुऱ्हाड लावत नाहीत. बुडखा उपटणे म्हणजे त्याची बसायची जागाच काढणे.

पात्रांव_पेडणे
तोडणाऱ्याने जमिनीलगत कापला, म्हणजे राखणदार आता खालीच मांडी घालून बसला असेल. वर गाडी पार्क करू नका, हॉर्न तोच वाजवेल.

घुमटवाला
थट्टा करा. तुमच्या गाडीचा हॉर्न वाजला की मग फोन करा.

निवृत्त_वनपाल
मी नोकरीत असताना वरिष्ठांची सही एका खिशात आणि नारळ दुसऱ्या खिशात अशी वेळ बऱ्याचदा आली. मजूर नारळाशिवाय पुढे सरकत नाहीत, आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही. झाड तोडण्याआधी माणूस दोन मिनिटे थांबतो, एवढे तरी होते.

कायद्याचा विषय कोणी काढेल म्हणून आधीच लिहितो. गोव्यात झाड तोडायला १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. २०१६ मध्ये माडाला त्यातून वगळले होते, त्यावर केवढे रान उठले ते आठवत असेल. २०१७ मध्ये माड परत कायद्यात आला आणि राज्यवृक्षही झाला. तेव्हा "माड म्हणजे झाड नव्हे" असे सांगणारा कोणी भेटला तर तो जुनी बातमी वाचतोय. परवानगीचा कागद बुडखे निघेपर्यंत फेकू नका. तक्रार करणाऱ्याला ताजा खड्डा दिसतो, तारीख दिसत नाही.

लेव्हलबॉटल
व्यवसायाने बांधकामातला आहे म्हणून भिंतीपुरते बोलतो. सुबाभळीचा बुडखा खणू नका. जुन्या चिऱ्यांच्या भिंतीचा पाया बऱ्याचदा वीतभरच असतो, आणि तिथली माती इतकी वर्षे त्या मुळांनी धरून ठेवलेली असते. मुळे ओढून काढलीत की भिंतीखाली पोकळी राहते आणि पहिल्या मोठ्या पावसात भिंत रस्त्याकडे कलते. मुळे जागेवर मरू द्या. भिंतीच्या कुशीत हळूहळू होणारी पोकळी भरत जाते, एकदम झालेली भरत नाही.

कुर्टीकर
पण ती मरतच नाही! दर पंधरवड्याला धुमारे फुटतात, हाताएवढे. माडाचे आणि फणसाचे बुडखे गप्प आहेत, ही एकटीच जोमात.

सत्तरीची_सून
सुबाभूळ ती. चाऱ्यासाठी मुद्दाम परत परत कापतात आणि ती परत परत फुटते, तिचा जन्मच त्यासाठी. दोन उपाय. एक, बुडख्याची साल जमिनीखाली हात जाईल तिथपर्यंत सोलून काढायची, काळे प्लास्टिक घट्ट बांधायचे, आणि जो धुमारा बाहेर येईल तो कोवळा असतानाच मोडायचा. पाने मिळाली नाहीत की मुळांतला साठा संपतो. कंटाळवाणे आहे, पण होते. शेजाऱ्याची बकरी असेल तर तिला सोडा, ती कंटाळत नाही.

रानभेंडी
दुसरा उपाय मी सांगतो. ताजा काप घेऊन लगेच कडेच्या सालीखालच्या पट्ट्यावर ग्लायफोसेट हे तणनाशक ब्रशने लावायचे. मधल्या लाकडावर लावून उपयोग नाही, ते मेलेलेच असते. काप घेऊन उद्या लावू म्हटले तर तो सुकतो आणि औषध आत जात नाही.

सत्तरीची_सून
रानभेंडी, मी दुसरा उपाय म्हणजे हे म्हणणार नव्हते. आवारात विहीर आहे, पावसाळा तोंडावर आहे.

रानभेंडी
ब्रशने लावायचे म्हणतोय, फवारायचे नाही. दोन चमचे औषध.

निवृत्त_वनपाल
२०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेटवर निर्बंध आणले, वापर परवाना असलेल्या कीटकनियंत्रण करणाऱ्यांपुरता ठेवला. दुकानातून आणून स्वतः लावण्याचा सल्ला मी देणार नाही. एका सुबाभळीसाठी बकरी पुरे.

कोकमसरबत
बकरी १, ग्लायफोसेट ०.

तांबडीमाती
उशिरा येतोय. पुढच्या वेळेसाठी लिहितो, कारण हे तोडण्याआधी कळले तर अर्धे काम वाचते. झाड काढायचे असेल आणि मुळेही काढायची असतील, तर खोड जमिनीलगत कधीच कापून घेऊ नका. तीन-चार फुटांचा खुंट वर ठेवायला सांगा. भोवती चर मारला, मुळे तोडली, की त्या खुंटाच्या टोकाला दोर किंवा चेनपुली लावून ओढता येते आणि झाड स्वतःच्याच उंचीमुळे उपटून निघते. जमिनीलगत कापलेल्या बुडख्याला धरायला काही राहत नाही. तोडणाऱ्याला खाली कापणे सोपे पडत नाही, उलट करवतीची चेन मातीत जाऊन बोथट होते. तरी "साफ दिसते" म्हणून कापून देतात आणि मालक खूश होतो.

मोठी शहरे सोडली तर बुडखा किसणारे यंत्र आपल्याकडे भाड्याने सहज मिळत नाही. मिळाले तरी त्याची दातेरी चकती जमिनीखाली साधारण फूटभर जाते, मुळे राहतातच. वर फरशी घालायची असेल तर चालते. खांब उभा करायचा असेल तर नाही.

कुर्टीकर
तांबडीमाती, आता जमिनीलगत आहेतच, तर चेनपुली अडकवू कशाला? समोर एक भक्कम आंबा आहे, त्याला बांधता येईल.

तांबडीमाती
पुली आंब्याच्या बुंध्याला, पण मध्ये गोणपाट घाला, नाहीतर साखळी साल कापेल आणि पुढचा धागा आंब्याबद्दल काढावा लागेल. माडाच्या बाजूने खणत खाली गेलात की फुगीर भाग दिसेल, साखळी त्याच्या खालून घ्या. ओढण्याआधी एका बाजूला पहार आणि गाडीचा जॅक लावून थोडा उचला, खालची मुळे ताणली जातात, तेव्हा ती तोडा. साखळीच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही. मुलांना घरात पाठवा. साखळी सुटली तर ती सांगून येत नाही.

वेळ: पहिले दोन-चार पाऊस होऊन जाऊ देत. आता मे महिन्यात जांभा पहारीला दाद देत नाही. जूनच्या शेवटी खणाल तर खड्ड्यात पाणी साचेल. मधला आठवडा पकडा.

कुर्टीकर
सगळ्यांचे आभार. बुडखे पाहुणचार घेऊन अजून जागेवर आहेत. पाऊस झाला की लिहितो.

कुर्टीकर
अपडेट. पुढचे दोन्ही माड निघाले. सत्तरीच्या ताईंची पाइपची युक्ती शंभर टक्के खरी. माती धुतल्यावर मुळांचा झुपका असा उघडा पडला की मजूर म्हणाले, आता तुमी बसात. वाऱ्याने पडलेल्या माडाच्या बुडख्यात वनपाल काकांच्या त्या पांढऱ्या अळ्या निघाल्या, मूठ-मूठभर. मी रॉकेल आणायला गेलो तोवर शेजारच्या कोंबड्यांनी निकाल लावला. दुसऱ्यात एकही नव्हती, तो अजून ओला होता.

फणस ठेवला. घरात एकमत झाले कारण कोणालाच तो खणायचा नव्हता. साल सोलली, भोके पाडली, युरियाचे पाणी, वर गोणपाट आणि माती. सुबाभळीला काळे प्लास्टिक. बकरी मिळाली नाही, शेजारी कोंबड्यावाला आहे.

आता शेडचे खांब. त्याच खड्ड्यांत काँक्रीट ओतून टाकू का?

लेव्हलबॉटल
नको. भरलेली माती बसते. खड्डा वीत-वीत थराने भरा, प्रत्येक थर पाणी मारून धुमसाने कुटा, आणि हा पावसाळा त्यावरून जाऊ द्या. खालची तुटलेली मुळेही कुजून थोडी खचणारच. खांब शक्य तर न खणलेल्या जमिनीत घ्या, खड्ड्यापासून दोन-तीन फूट सरकून. शेड थोडी तिरकी दिसली तर दिसू दे.

घुमटवाला
नारळ ठेवला होता का खणण्याआधी?

कुर्टीकर
ठेवला होता. मजुरांनीच आणला, पैसे माझ्याकडून घेतले.

शेवंतीची_वेणी
आमच्याकडे गुलमोहराचा बुडखा आहे, त्याच्या वरवरच्या मुळांनी अंगणातल्या लाद्या उचलल्या आहेत. त्याला हीच पद्धत चालेल का? मुळे मांडीएवढी जाड आहेत.

तांबडीमाती
कोयत्याने नाही होणार, करवत लागेल. लाद्यांखालची मुळे बुडख्यापासून दोन फुटांवर तोडून टाका, मग उरलेल्या लांब मुळांचा त्रास नाही, ती आपोआप मरतात. पण आधी फोटो टाका, आणि नवीन धागा काढा. इथे पात्रांव परत येतील.